एकट्या लिनक्स मशीनवर होस्टनेम रिझोल्यूशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न पुण्यातले विद्यार्थी, घरून काम करणारी मंडळी आणि दोन-चार टेबलांची ऑफिसं यांच्याकडून सतत येत असतात. विषय आहे एकट्या मशीनचा: घरचा लॅपटॉप, होस्टेलवरचा डेस्कटॉप, दुकानातलं बिलिंगचं मशीन. मागे स्वतःचा डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा) नाही, अडलं तर धावून येणारा अॅडमिनही नाही. मशीन कंपनीच्या डोमेनला जोडलेलं असेल तर इथलं काहीही करण्याआधी तिथल्या माणसाला विचारा.

कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची, आणि आकडेसुद्धा रोमनच. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि होस्ट्स फाइलमध्ये १२७ देवनागरीत पडलं, तर ती ओळ निमूटपणे सोडून दिली जाते. एरर वगैरे काही येत नाही.

१. होस्टनेम रिझोल्यूशन म्हणजे काय? माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे, मला त्याचं काय करायचंय?

नाव दिलं की त्याचा आयपी पत्ता शोधून काढणं, एवढंच. वेबसाइट उघडताना हे होतं ते सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या लॅपटॉपलाही एक नाव असतं, आणि त्यावरचे बरेच प्रोग्राम 'या नावाचा पत्ता काय?' असं अधूनमधून विचारत असतात. सुडो (अॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) विचारतं, मेल पाठवणारे प्रोग्राम विचारतात, जावामध्ये लिहिलेले तर हटकून विचारतात आणि उत्तर नाही मिळालं की 'अननोन होस्ट एक्सेप्शन' टाकून मोकळे होतात. म्हणून इंटरनेट असो वा नसो, मशीनला स्वतःचं नाव आणि 'लोकलहोस्ट' हे नाव सोडवता आलंच पाहिजे. त्यासाठी डीएनएस सर्व्हर उभारायची काही गरज नाही. एका साध्या फाइलमधल्या दोन-तीन ओळी पुरतात (प्रश्न ४).

२. मशीनचं नाव कुठे लिहिलेलं असतं आणि बदलायचं कसं?

/ईटीसी/होस्टनेम या फाइलमध्ये एका ओळीत नाव असतं. हाताने बदलण्यापेक्षा 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' आणि पुढे नवं नाव, ही कमांड बरी. ती फाइलही बदलते आणि चालू कर्नललाही लगेच कळवते. नुसतं 'होस्टनेम' आणि पुढे नाव असं दिलंत तर तो बदल मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकतो.

कमांड होस्ट्स फाइलला मात्र हात लावत नाही, ते काम तुमचं. क्रम असा ठेवा: आधी होस्ट्स फाइलमध्ये जुन्या नावाशेजारी नवं नाव लिहा, मग कमांड चालवा, सगळं नीट दिसलं की जुनं नाव काढा. उलट क्रमाने केलंत तर मधल्या काळात मशीनला स्वतःचंच नाव सापडत नाही आणि प्रश्न ६ मधला निरोप येतो.

३. नाव काय ठेवावं? मराठीत ठेवता येईल का?

इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे हायफन, एवढंच वापरा. सुरुवातीला किंवा शेवटी हायफन नको, स्पेस नको, अंडरस्कोअर नको. अंडरस्कोअर काही ठिकाणी चालून जातो, म्हणून लोक फसतात. नंतर एखादाच प्रोग्राम रुसतो आणि कारण सापडता सापडत नाही. लिनक्सची मर्यादा ६४ अक्षरांची आहे, पण डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला तुकडा ६३ पर्यंतच चालतो. तुम्ही एवढं लांब नाव ठेवणार नाहीच.

मराठी नाव ठेवायला एक जागा आहे: 'प्रिटी होस्टनेम'. 'होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम' या कमांडला 'डॅश डॅश प्रिटी' जोडून अवतरणचिन्हांत 'वरच्या खोलीतला लॅपटॉप' असं खुशाल लिहा. ते /ईटीसी/मशीन-इन्फो या फाइलमध्ये साठवलं जातं आणि फक्त माणसांना दाखवण्यासाठी असतं. नाव सोडवताना ते कोणी वापरत नाही.

४. होस्ट्स फाइलमध्ये नेमकं काय असायला हवं?

फाइल /ईटीसी/होस्ट्स, शेवटी 'एस' आहे, तो विसरू नका. प्रत्येक ओळीत आधी आयपी पत्ता, मग स्पेस किंवा टॅब, मग मुख्य नाव, आणि पुढे हवी तर टोपणनावं. हॅशच्या चिन्हापुढचं सगळं टीप समजून सोडलं जातं. डेबियन, उबंटू किंवा मिंट असलेल्या एकट्या मशीनला एवढं पुरतं:

१२७.०.०.१ लोकलहोस्ट
१२७.०.१.१ सिंहगड
::१ लोकलहोस्ट आयपी६-लोकलहोस्ट आयपी६-लूपबॅक

'सिंहगड'च्या जागी तुमच्या मशीनचं नाव. लांब नावही हवं असेल तर दुसऱ्या ओळीत आधी लांब, मग छोटं लिहा. 'होस्टनेम डॅश एफ' ही कमांड ओळीतलं पहिलं नाव उचलते. घरच्या मशीनला लांब नावाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, त्यामुळे 'डोमेन काय टाकू?' यात रात्र घालवू नका.

फाइल सेव्ह केली की बदल लागू. रीस्टार्ट नको, सर्व्हिस पुन्हा चालू करणं नको. आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रामने मात्र जुनं उत्तर लक्षात ठेवलेलं असू शकतं.

जाता जाता: ही फाइल डीएनएसपेक्षा जुनी आहे. आर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनची नावं एकाच 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. यादी हाताबाहेर जायला लागली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. तुमच्या लॅपटॉपवर उरली आहे ती जुनी पद्धत, आणि एकट्या मशीनला तीच सोयीची.

५. १२७.०.०.१ समजलं. हे १२७.०.१.१ काय प्रकरण आहे? टाइप करताना चूक झाली का?

चूक नाही. १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते मशीनच्या आतल्या आत फिरतात. डेबियनवाल्यांनी कायमचा आयपी नसलेल्या मशीनसाठी हा वेगळा पत्ता निवडला, म्हणजे 'लोकलहोस्ट' आणि मशीनचं नाव एकाच ओळीत कोंबावं लागत नाही. कोंबलं तर १२७.०.०.१ चं मुख्य नाव कोणतं, यावरून काही प्रोग्राम गोंधळतात.

मशीनला कायमचा आयपी असेल, उदाहरणार्थ दुकानातल्या राउटरवर १९२.१६८.१.१० असा बांधून दिलेला, तर दुसऱ्या ओळीत १२७.०.१.१ ऐवजी तो लिहा. लॅपटॉप घर, कॉलेज, कॅफे असा फिरत असेल तर मुळीच लिहू नका. पत्ता जागेगणिक बदलणार आणि ओळ खोटी ठरणार.

६. प्रत्येक सुडोला 'अनेबल टु रिझॉल्व्ह होस्ट' येतं. व्हायरस आहे का?

नाही. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि कारण दहापैकी नऊ वेळा एकच: होस्टनेम फाइलमधलं नाव आणि होस्ट्स फाइलमधलं नाव जुळत नाही. काम बहुतेक वेळा होतं, फक्त आधी ही ओळ उमटते, कधी थोडं थांबावंही लागतं.

पुण्यात मशीनना गडांची नावं द्यायची हौस फार, आणि घोटाळा तिथेच होतो. सिंहगडचं रोमन स्पेलिंग दोन प्रकारे लिहितात: 'एच'नंतर 'ए' घालून आणि न घालता. बसवर, पाट्यांवर, कॉलेजांच्या नावात दोन्ही दिसतात. इन्स्टॉल करताना एक लिहिलं जातं आणि महिन्याभराने होस्ट्स फाइल हाताने दुरुस्त करताना दुसरं. डोळ्यांना दोन्ही बरोबर वाटतात, म्हणून तासभर बघूनही चूक दिसत नाही. डोळ्यांवर विसंबू नका. 'होस्टनेम' ही कमांड चालवा, आलेलं नाव माउसने कॉपी करा आणि होस्ट्स फाइलमध्ये पेस्ट करा. मग 'गेटेंट होस्ट्स' आणि पुढे तेच नाव देऊन पाहा. पत्ता छापून आला की झालं.

पुरंदर, तोरणा, राजगड असलं नाव घेतलंत तर हा त्रास मुळातच कमी.

७. मित्राच्या फेडोरात दुसरी ओळ नाहीच, तरी त्याला काही त्रास नाही. असं कसं?

तिथे 'मायहोस्टनेम' नावाचं मॉड्यूल कामाला असतं. ते मशीनचं नाव फाइलमध्ये न बघता स्वतःच सोडवतं: नेटवर्कवर जे पत्ते मिळाले असतील ते देतं, एकही नसेल तर १२७.०.०.२. 'लोकलहोस्ट'चंही उत्तर तेच देतं. शिवाय अंडरस्कोअर लावून 'गेटवे' विचारलं तर राउटरचा पत्ता सांगतं. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. हे मॉड्यूल चालू आहे की नाही ते कुठे दिसतं, ते पुढच्या उत्तरात.

८. आधी होस्ट्स फाइल बघतात की डीएनएस? हे ठरवतं कोण?

/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ ही फाइल; नावात 'एस' दोनदा आहे. तिच्यात 'होस्ट्स' आणि पुढे कोलन अशी ओळ असते, आणि तिथे ज्या क्रमाने शब्द लिहिलेत त्या क्रमाने चौकशी होते. 'फाइल्स' म्हणजे होस्ट्स फाइल, 'डीएनएस' म्हणजे डीएनएस, 'मायहोस्टनेम' वर आलंच. 'एमडीएनएस४_मिनिमल' हे '.लोकल' नावांसाठी (प्रश्न १२), आणि 'रिझॉल्व्ह' म्हणजे सिस्टमडी-रिझॉल्व्हडीकडे विचारणा (प्रश्न १०).

मधे चौकटी कंसात 'नॉटफाउंड बरोबर रिटर्न' असं दिसलं तर अर्थ असा: इथे नाव नाही म्हणून ठामपणे कळलं की पुढे विचारू नकोस, इथूनच परत ये.

'फाइल्स' सगळ्यांत आधी ठेवा. ही ओळ उगाच हलवू नका. इंटरनेटवरच्या सल्ल्यावरून ती बदलून मग नेटच बंद पडलेली मशीन खूप येतात. अल्पाइन लिनक्स वापरत असाल तर ही फाइल विसराच. तिथली मसल लायब्ररी तिच्याकडे बघतही नाही, ती थेट होस्ट्स फाइल आणि मग डीएनएस बघते.

९. होस्ट्समध्ये नाव लिहिलं, पिंग चालतं, पण डिग म्हणतं नाव नाही. कोणावर विश्वास ठेवू?

पिंगवर. डिग हे डीएनएस तपासायचं हत्यार आहे, ते होस्ट्स फाइल उघडतच नाही, एनएसलुकअपचंही तेच. दोघांची साक्ष खरी, पण ती डीएनएस सर्व्हरबद्दलची. प्रोग्रामला प्रत्यक्षात काय उत्तर मिळणार ते बघायचं तर 'गेटेंट होस्ट्स' वापरा, किंवा आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे आणि सहाव्या आवृत्तीचे सगळे पत्ते हवे असतील तर 'गेटेंट एहोस्ट्स'. स्पेलिंग: जी-ई-टी-ई-एन-टी.

१०. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.५३ दिसतं. मी बदललं तर सकाळी पुन्हा तेच!

/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही डीएनएस सर्व्हरचे पत्ते लिहिलेली फाइल. तिचं नाव लिहिताना इंग्रजी 'रिझॉल्व्ह'च्या शेवटचा 'ई' नसतो, आधी ते तपासा.

१२७.०.०.५३ हा तुमच्याच मशीनवर चालणाऱ्या सिस्टमडी-रिझॉल्व्हडीचा पत्ता. उबंटूत तो बरीच वर्षं आहे, फेडोरात ३३ व्या आवृत्तीपासून. प्रोग्राम त्याला विचारतात, तो पुढे खऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारतो आणि उत्तरं काही काळ जपून ठेवतो. खरे सर्व्हर कोणते ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये दिसतं, आणि जपलेली उत्तरं पुसायला 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'.

तुमचा बदल टिकत नाही कारण ही फाइल अशा मशीनवर माणसाने लिहायची नसतेच. सर्व्हर बदलायचा तर नेटवर्कमॅनेजरच्या खिडकीत त्या वायफायच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये 'ऑटोमॅटिक' डीएनएस बंद करून आकडे तिथे लिहा. फाइलला 'सीएचअॅटर प्लस आय'ने कुलूप लावायचा सल्ला सगळीकडे फिरतो. तो ऐकू नका. पुढे कधी हॉटेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायचं लॉगिन पान उघडत नाही म्हणून तुम्ही हैराण व्हाल, आणि तोवर आपण कुलूप लावलंय हे आठवणारही नाही.

११. गुरुवारी लाइट गेले की लॅपटॉप बॅटरीवर असूनही हळू होतो. टर्मिनल उघडायलाही वेळ लागतो. का?

गुरुवार म्हणजे देखभालीचा वार, हे पुणेकरांना सांगायला नको. होतं असं: तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण पुढची केबलवाल्याची लाइन बंद असते. लॅपटॉपला वायफाय दिसतंय, म्हणजे नेट आहे असा त्याचा समज. त्यात मशीनचं नाव होस्ट्स फाइलमध्ये नसेल तर ते नाव डीएनएसला विचारलं जातं आणि उत्तराची वाट बघत बसतं. जीलिबसीचा (बहुतेक लिनक्सवर नावं सोडवणारी मूळ लायब्ररी) ठरलेला हिशेब एका सर्व्हरमागे ५ सेकंद आणि २ फेऱ्या असा आहे. सर्व्हर दोन असले की वीस सेकंद सहज जातात, तेही प्रत्येक चौकशीला.

खात्री करायची असेल तर अशा वेळी वायफाय पूर्ण बंद करून बघा. सगळं पटकन चालायला लागलं तर दुखणं हेच. विचारायला सर्व्हरच उरला नाही की 'नाही' हे उत्तर लगेच मिळतं. इलाज प्रश्न ४ मधली दुसरी ओळ. रॅम वाढवायला दुकानात जाऊ नका.

१२. कॉलेज प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर वेबसाइट चालवतोय. तिला .लोकल नाव देऊ की .डेव्ह?

दोन्ही नको, '.टेस्ट' द्या. होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे 'माझाप्रोजेक्ट.टेस्ट', काम झालं. '.टेस्ट' १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे, ते कधी कोणाला विकलं जाणार नाही.

'.डेव्ह' हे आता खरंखुरं डोमेन आहे, आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतात. तुमची साधी साइट उघडणारच नाही. '.लोकल' हे एमडीएनएससाठी आहे: एकाच वायफायवरचे प्रिंटर आणि मशीन त्यावरून एकमेकांना शोधतात, लिनक्सवर बहुधा अवाहीमार्फत. खोलीतल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून 'पुरंदर.लोकल' असं पिंग चालतं ते त्यामुळेच, आणि त्यासाठी कुठेही काही लिहावं लागत नाही. घरातल्या सगळ्या यंत्रांना कायमची नावं द्यायची असतील तर 'होम.आर्पा' हे २०१८ मध्ये त्यासाठीच ठरलं.

१३. होस्ट्समध्ये स्टार लावून सगळी सबडोमेन एकदम देता येतील का? आणि पोर्ट?

दोन्ही नाही. प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं. स्टार हवाच असेल तर डीएनएसमास्क नावाचा छोटा सर्व्हर बसवा. पोर्ट, स्लॅश, 'एचटीटीपी' यातलं काहीच या फाइलला कळत नाही. पोर्टचं काम एनजिनएक्स या वेब सर्व्हरकडून करून घ्या.

१४. लोकलहोस्ट लिहिलं तर चालत नाही, १२७.०.०.१ लिहिलं की चालतं. दोन्ही एकच ना?

दरवेळी नाही. 'लोकलहोस्ट'ला दोन पत्ते असतात: १२७.०.०.१ आणि सहाव्या आवृत्तीचा ::१. तुमचा सर्व्हर फक्त पहिल्यावर ऐकत असेल आणि प्रोग्रामने दुसरा आधी उचलला, तर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) १७ व्या आवृत्तीपासून हे अनेकांना अचानक भोवलं, कारण तोवर नोड चौथ्या आवृत्तीचा पत्ता मुद्दाम पुढे आणत असे आणि तिथपासून मिळेल तो क्रम जसाच्या तसा घ्यायला लागलं. होस्ट्समधून ::१ ची ओळ उडवू नका; सर्व्हरला दोन्हीवर ऐकायला सांगा, नाहीतर प्रोग्राममध्ये सरळ आकडे लिहा.

मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे 'लोकलहोस्ट' म्हटलं की क्लायंट नेटवर्कवर जातच नाही, युनिक्स सॉकेटची फाइल उघडतो. आकडे लिहिले की टीसीपीने जातो. म्हणजे तिथे बिघाड असला तर तो नाव सोडवण्याचा नसतोच, या पानावर त्याचं उत्तर शोधू नका.

१५. नाव बदललं, पण रीस्टार्ट केल्यावर जुनंच आलं.

भाड्याच्या क्लाउड मशीनवर असं झालं तर क्लाउड-इनिटकडे (क्लाउड मशीन सुरू होताना सेटिंग लावणारा प्रोग्राम) बघा. त्याच्या सेटिंगमध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करा. तेच क्लाउड-इनिट होस्ट्स फाइलही पुन्हा लिहू शकतं. त्याचं सेटिंग 'मॅनेज_ईटीसी_होस्ट्स'. घरच्या मशीनवर झालं तर बहुधा तुम्ही नुसती 'होस्टनेम' कमांड वापरली (प्रश्न २).

१६. नाव बदलल्यापासून नवी कोणतीच खिडकी उघडेना.

एक्स११ वर (खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी व्यवस्था) असं होतं, कारण स्क्रीन वापरायच्या परवानगीच्या नोंदीत जुनं नाव असतं. लॉगआउट करून परत या.

१७. होस्ट्समध्ये ओळ बरोबर आहे, गेटेंट बरोबर सांगतं, तरी ब्राउझर जुन्याच ठिकाणी जातो.

ब्राउझर स्वतःची उत्तरं जपतो; तो पूर्ण बंद करून उघडा. तरीही नाही, तर प्रॉक्सी लावलाय का बघा. प्रॉक्सी असला की नाव तुमचं मशीन सोडवतच नाही, प्रॉक्सी सोडवतो, आणि त्याला तुमची होस्ट्स फाइल दिसत नाही. व्हीपीएनची ब्राउझर एक्स्टेन्शन्सही त्यातच आली.

१८. डॉकर कंटेनरमध्ये किंवा डब्ल्यूएसएलमध्ये माझी ओळ दिसत नाही.

कंटेनरची होस्ट्स फाइल वेगळी असते, डॉकर ती स्वतः तयार करतं. नाव आत पोचवायचं तर कंटेनर सुरू करताना 'डॅश डॅश अॅड-होस्ट' द्या. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) ती विंडोजच्या होस्ट्स फाइलवरून दरवेळी नव्याने बनते. ते नको असेल तर /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये 'नेटवर्क' विभागाखाली 'जनरेटहोस्ट्स बरोबर फॉल्स' लिहा आणि विंडोजकडून 'डब्ल्यूएसएल डॅश डॅश शटडाउन' द्या. या नावात 'एच' कॅपिटल आहे, तेवढा अपवाद लक्षात ठेवा.

१९. दादा, सगळं करून बघितलं. मदत मागताना काय पाठवू?

'होस्टनेम'चं उत्तर, होस्ट्स फाइल पूर्ण, एनएसस्विचमधली होस्ट्सची ओळ, 'गेटेंट होस्ट्स' आणि तुमच्या मशीनचं नाव दिल्यावर काय आलं ते, आणि डिस्ट्रोचं नाव आवृत्तीसकट. मजकूर कॉपी करून पाठवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको. फोटोत एकचा आकडा आणि छोटा 'एल' सारखेच दिसतात, आणि इथले निम्मे घोटाळे एका अक्षराचे असतात. होस्ट्स फाइलमध्ये ऑफिसच्या सर्व्हरची नावं असतील तर पाठवण्याआधी तेवढ्या ओळी काढून टाका.